पान, विस्तव आणि ओल

शेगावहून पंढरपुरास निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी आषाढी वारीच्या दिवसांत औंढा नागनाथाचे दर्शन घेऊन जवळा बाजारास येते आणि तेथून त्रिधारेच्या वाटेने परभणीकडे मार्गस्थ होते. त्या वेळी रस्त्याच्या दुतर्फा उभी राहून जी माणसे हात जोडतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या देवघरांत महाराजांची हाती चिलीम असलेली तसबीर असते आणि त्या चिलमीविषयी कोणाच्याही मनात किंतु नसतो. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात अशी कथा आहे की, जानकीराम सोनाराने अक्षय्य तृतीयेच्या सणाला विस्तव देण्याचे नाकारल्यावर बंकटलालाने नुसती काडी चिलमीवर धरली आणि ती चिलीम विस्तवावाचून पेटली. शिर्डीच्या साईबाबांच्या चरित्रातही, हरवलेल्या घोडीच्या शोधात खांद्यावर खोगीर टाकून निघालेल्या धूपखेड्याच्या चांद पाटलाला बाबांनी बोलावले ते चिलीम ओढावयास; मग जमिनीत चिमटा खुपसून त्यांनी निखारा काढला आणि सटका आपटून छापी, म्हणजे चिलमीला गुंडाळावयाचे फडके, भिजविण्यापुरते पाणी काढले. या कथांतील श्रद्धेचा भाग श्रद्धावंतांचा. त्यावर भाष्य करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु चिकित्सक वाचकाच्या ध्यानात आणखी एक गोष्ट येईल. पान, विस्तव आणि ओल या तिहींची तजवीज झाल्यावाचून धूर म्हणून जो काही सुखद पदार्थ आहे तो निष्पन्नच होत नाही, हे त्या कथा सांगणाऱ्यांना व ऐकणाऱ्यांना पुरते अवगत होते. पाइपात घालावयाच्या तंबाखूची पारख करणारे युरोपातील रसिक ज्या शास्त्राची एवढी महती गातात, ते शास्त्रही या तीन शब्दांपलीकडे फारसे जात नाही.

या शास्त्राचा हिंदुस्थानातील पहिला धडा आपल्या दक्षिणेतच गिरविला गेला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू विजापूरच्या पेठेत रुळली होती तेव्हा आग्र्याच्या बादशाही दरबारात ती पोचलीही नव्हती. शाहजादा दानियाल व इब्राहिम आदिलशहाची कन्या यांच्या विवाहसंबंधाच्या कामगिरीवर अकबराने असद बेग नावाचा आपला वकील विजापुरास धाडला होता. तो परतला तो १६०४-०५ च्या सुमारास, आणि परतताना नजराण्यात तंबाखू व ती ओढण्याची नळी घेऊन आला. या असद बेगाने आपल्या आठवणींत त्या सरंजामाचे जे वर्णन करून ठेवले आहे ते मोठे बारकाईचे आहे. नळी अचिनहून आलेली, तीन हात लांबीची, उत्तम वाळविलेली व रंगविलेली. तिची दोन्ही टोके रत्नांनी आणि मिन्याने मढविलेली. ओठाशी धरावयाचा भाग येमेनी अकिकाचा, लंबगोल. पेटविण्यासाठी सोन्याचे पात्र. आणि नळी ठेवण्यासाठी चांदीची नळकांडी, तीवर जांभळ्या मखमलीचे आवरण. आदिलशहाने दिलेल्या विड्याच्या पानांच्या नक्षीदार बटव्यात त्याने तंबाखू भरली होती, आणि ती कशी होती हे सांगताना तिच्या वासाचा अथवा रंगाचा उल्लेख न करता तो एवढेच नमूद करतो की, तिचे एक पान पेटले म्हणजे बाकीची आपोआप जळत राहते.

माझ्या मते असद बेगाचे हे वाक्य म्हणजे आपल्या देशातील तंबाखूच्या पारखीची पहिली नोंद होय. वास मोहक असतो, रंग डोळ्यांत भरतो, वेष्टणावरील चित्र तर मनुष्याला हटकून फसविते. परंतु तंबाखूची खरी परीक्षा ती कशी जळते यात आहे. जी पुनःपुन्हा विझते, जी तडतडते, जी एका अंगाने जळून दुसऱ्या अंगाने हिरवीच राहते, ती कितीही महाग असली तरी तिच्या लागवडीत, सुकवणीत किंवा साठवणीत कोठे तरी कसूर राहिलेली असते. अकबराने त्या नळीचे दोन-तीन झुरके घेतले तेव्हा त्याच्या हकिमाचा जीव खालीवर झाला. ज्या औषधीविषयी आपल्या ग्रंथांत एक अक्षर नाही, तिचे गुणदोष आम्ही जहाँपनाहांना काय सांगावे, अशा आशयाची हरकत त्याने घेतली. असद बेगाने युरोपीयांच्या शहाणपणाची साक्ष काढून वाद घातला. बादशहाने ती सवय लावून घेतली नाही. मात्र दरबारातील उमरावांनी एकजात तंबाखूची मागणी केली आणि व्यापाऱ्यांनी ती विकावयास आरंभ केला. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने मनाईचे फर्मान काढले, तोवर तंबाखूने मुलूख व्यापला होता. त्या हकिमाची आठवण या लेखात पुढे एकदा काढावी लागेल.

आता पानाकडे वळू. व्यापारात तंबाखूच्या दोन जाती चालतात. एक उंच वाढणारी, गुलाबी फुलांची, निकोटियाना टबॅकम; पाइपाची, सिगारेटची, विडीची व चिरुटाची तंबाखू हिचीच. दुसरी ठेंगणी, पिवळट फुलांची, जाड पानांची निकोटियाना रस्टिका. हिला थंडी मानवते, म्हणून बिहार-बंगालकडे हिची लागवड होते, हिच्यात निकोटीनचे प्रमाण अधिक, आणि हुक्क्याच्या व खाण्याच्या तंबाखूसाठी हिचा उपयोग. परंतु पाइप ओढणाराला जातीपेक्षाही जे अधिक महत्त्वाचे वाटते ते म्हणजे झाडावरून उतरल्यानंतर त्या पानाचे काय झाले. तोडलेले पान काही दिवस जिवंतच असते. त्यातील पिष्टाची साखर होते, आणि साखर तशीच राहू द्यावयाची की पानालाच खाऊन टाकू द्यावयाची, हे सुकविणाराच्या हाती असते.

व्हर्जिनिया या नावाने प्रसिद्ध असलेले पान बंद कोठारात नळ्यांतून उष्णता खेळवून आठवड्याभराच्या आत सुकविले जाते. या घाईमुळे साखर पानातच अडकून राहते, रंग लिंबासारखा पिवळा ते नारिंगी येतो, आणि धुराला वाळल्या गवतासारखा वास व गोडसर, किंचित आंबूस चव येते. आंध्रातील गुंटूर, प्रकाशम् व राजमहेंद्रीचा परिसर आणि कर्नाटकात म्हैसूरकडील हुणसूर व पिरियापट्टण ही या पानाची आपल्याकडील आगरे. राजमहेंद्रीस १९४७ मध्ये केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली, आणि गुंटूरला तंबाखू मंडळाची कचेरी आहे. बर्ली हे पान याच्या नेमके उलट: ते हवेशीर छपरात सावलीला कित्येक आठवडे टांगून ठेवतात, तेवढ्या अवधीत त्यातील साखर जवळजवळ संपते, आणि उरते ते तपकिरी, हलके, सच्छिद्र पान, ज्याची चव भाजलेल्या कठीण कवचाच्या फळांच्या वळणाची असते व जे बाहेरून दिलेला कोणताही रस पिऊन घेते. पांढरी बर्ली १८६४ मध्ये अमेरिकेतील ओहायो संस्थानात एका शेतावर आपोआप उद्भवली. आपल्याकडे ती विनुकोंड्याच्या बाजूला पिकते. तिसरे पान तुर्कस्थान, ग्रीस व मॅसिडोनियाकडील, इझमीर आणि साम्सुन या नावांनी ओळखले जाणारे. आकाराने तळहाताहून लहान, उन्हात वाळविलेले, राळेसारख्या सुगंधी द्रव्याने भरलेले.

चौथी तऱ्हा म्हणजे लाताकिया, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे. सीरियातील एका बंदराचे नाव धारण करणारी ही तंबाखू मुळात वर सांगितलेल्या उन्हात वाळणाऱ्या पानांपैकीच. परंतु ती बंदिस्त घरांत टांगून खाली सुगंधी झुडपांची व लाकडांची धुनी दीर्घकाळ पेटती ठेवतात, तेव्हा ते पान कोळशासारखे काळे होते आणि ओढणाराला होमकुंडाच्या धुराची आठवण व्हावी असा गंध त्यातून येतो. हल्ली ती मुख्यतः सायप्रसमधून येते. प्रथमच ओढणारा मनुष्य तिच्या गंधाने भारावून तीच भरघोस घेऊ पाहतो आणि चार दिवसांत विटतो. कारण ही तंबाखू मिश्रणात हिंगाच्या हाताने घालावयाची असते. पेरिक हा आणखी एक असाच प्रखर प्रकार. अमेरिकेत लुइझियानामधील सेंट जेम्स परगण्यात तिची पाने लाकडी पिंपांत दाबून स्वतःच्याच रसात सुमारे वर्षभर आंबवितात. मधूनमधून दाब काढून पाने उलटतात व पुन्हा दाबतात. तिच्या चवीत मिरीचा तिखटपणा व आंबलेल्या फळाचा आंबूसपणा असतो, आणि पुष्कळ व्हर्जिनियात थोडीशी पेरिक हे मिश्रण जुन्या ओढणाऱ्यांत फार मान्यता पावलेले आहे.

नवख्याला दुकानात जी प्रथम दाखविली जाते ती यांपैकी कोणतीच नसते. ती असते व्हॅनिला, चेरी, मध अथवा रम यांचा वास दिलेली, वाफवून दाबून काळी केलेली कॅव्हेंडिश. डबा उघडताच खोली दरवळते. शेजारी बसलेला मनुष्य स्तुती करतो. परंतु ओढणाराच्या जिभेवर त्या सुगंधाचा लवलेशही उतरत नाही, आणि अंगच्या पाकामुळे ओलसर राहिलेली ती तंबाखू वाफ सोडून जीभ पोळते. सुगंधी तंबाखू ही शेजाऱ्यासाठी असते, ओढणारासाठी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग हुक्क्यात तीच सुगंधी तंबाखू शोभते कशी, असा प्रश्न कोणी विचारील, आणि त्याचे उत्तर विस्तवात आहे. पाइपात तंबाखू स्वतःच जळते. हुक्क्यात मात्र निखारा व तंबाखू यांच्यामध्ये तवा असतो. तंबाखू जळत नाही, मंद आचेवर भाजते, आणि तिचा धूर पाण्यातून गुडगुडत थंड होऊन लांब नळीने ओठांशी येतो. म्हणून हुक्क्याची तंबाखू काकवीत मळून गुडाखू करतात, किंवा फळांचा गर व मसाले घालून ती आंबवितात आणि खमीरा बनवितात. हा ओलावा, ही साखर व हे मसाले उघड्या विस्तवावर करपून कडू झाले असते, तेच तव्याखाली सावकाश आपला गंध सोडतात. साधनाप्रमाणे पान निवडावे, पानाप्रमाणे विस्तव राखावा, हा नियम यावरून दिसतो. जवळा बाजार ज्या मुलखात आहे तो १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलात होता, आणि त्याच राज्यातील बिदरच्या कारागिरांनी हुक्क्याच्या तळाला कलेच्या पदवीस नेले. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर टाकीने नक्षी खोदावयाची, तीत चांदीची तार व पत्रा ठोकून बसवावयाचा, आणि अखेरीस बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागराबरोबर कालवून ते भांडे त्यात घोळावयाचे, म्हणजे धातू काळाभोर होतो व चांदी जशीच्या तशी लखलखत राहते. जुने तळ वाटोळे असत व कड्यावर ठेवावे लागत. पुढे घंटेच्या आकाराचे, आपल्या बुडावर उभे राहणारे तळ प्रचारात आले. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरी हुक्के पाहावयास मिळतात, आणि मराठवाड्यातून हैदराबादेस जाणाऱ्याने ते पाहण्यासाठी अर्धा दिवस काढावा.

गढीत हुक्का, तर चावडीवर चिलीम. चिलीम म्हणजे वीतभर मातीची, खाली निमुळती होत गेलेली नळी. तिच्यात ना तवा, ना पाणी. आत खडा टाकावयाचा, म्हणजे तंबाखू व राख ओठांत येत नाही, त्यावर तळहातावर चोळून मोकळी केलेली कडक तंबाखू सैल भरावयाची, वर निखारा, आणि खालच्या टोकास भिजवून पिळलेली छापी गुंडाळून दोन्ही हातांच्या ओंजळीतून दम घ्यावयाचा. येथे विस्तव उघडा असून झुरका सर्व ताकदीने ओढला जातो, म्हणून धूर थोडका, तप्त आणि जोरकस येतो. एवढ्या झोतापुढे व्हर्जिनियाची नाजूक गोडी टिकणार नाही. येथे जाड, काळपट, उग्र पानच लागते. चिलमीत नाजूक तंबाखू भरणारा आणि पाइपात चिलमीची तंबाखू भरणारा, दोघेही सारखेच निराश होतात.

पाइपाची गोष्ट यांच्या मधली. उत्तम पाइप भूमध्य समुद्राकाठी उगवणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते तिचा कोरलेला असतो, कारण ते लाकूड उष्णता सोसते व सहसा पेटत नाही. तुर्कस्थानातील एस्किशेहीरच्या पांढऱ्या, हलक्या दगडाचेही पाइप करतात, ते वापराने हळूहळू पिवळे व मग मधाच्या रंगाचे होत जातात. तंबाखू बारीक पट्ट्यांची, दाबून केलेल्या वड्यांची अथवा पिळलेल्या दोराची मिळते. पट्ट्यांची लवकर पेटते व लवकर संपते, वडी मोडून चोळावी लागते, पण ती सावकाश जळते. ओल पाहण्याची रीत अशी की, चिमूटभर तंबाखू बोटांत दाबून सोडावी; गोळा तसाच राहिला तर ती फार ओली, चुरा झाला तर फार कोरडी, आणि दबून पुन्हा हलकेच उलगडली तर योग्य. फार ओली असेल तर कागदावर पसरून तासभर ठेवण्यात काहीच बिघडत नाही. डब्यातून निघताच भरण्याची उतावीळ मात्र नडते.

भरताना तीन थर करावेत: पहिला लहान मुलाच्या हाताने, दुसरा स्त्रीच्या हाताने, तिसरा पुरुषाच्या हाताने, असे जुने लोक सांगतात, आणि त्याचा मथितार्थ एवढाच की तळाशी तंबाखू सैल व वर जरा घट्ट असावी. न पेटविता एकदा ओढून पाहावे. हवा अडखळली तर सर्व काढून पुन्हा भरावे. काडीच्या टोकाचे गंधक जळून गेल्यावरच ती जवळ न्यावी आणि ज्योत सगळ्या पृष्ठभागावरून फिरवावी. या पहिल्या पेटवणीने तंबाखू फुगून वर येते. ती हलक्या हाताने दाबावी, विझू द्यावी आणि मग दुसऱ्यांदा पेटवावी. यापुढचे सारे कौशल्य सावकाशीचे. पाइप हातात धरवेनासा तापला तर आपण घाई करीत आहोत असे समजावे. आतल्या भिंतीवर काजळीचा जो पातळ थर जमतो तो लाकडाचे रक्षण करतो, म्हणून तो समूळ खरवडू नये. परंतु तो जाड होऊही देऊ नये, नाहीतर फुगून लाकडाला चीर पाडतो. ओढून झाल्यावर नळी साफ करून पाइपाला एक दिवस विश्रांती द्यावी, कारण लाकडात मुरलेली ओल निघून गेल्यावाचून दुसऱ्या दिवशीची उत्तम तंबाखूही आंबट लागते.

आपल्या मराठी मुलखाशी जिचे नाव निगडित आहे ती निपाणीची तंबाखू पाइपात जात नाही, ती विडीची. सीमाभागातील त्या काळ्या जमिनीत झाडाचा शेंडा खुडावयाचा, फुटवे पुनःपुन्हा काढावयाचे, म्हणजे सगळे सत्त्व पानात उतरते. मग पाने शेतातच उन्हात वाळवून वखारीत जातात आणि तेथे त्यांचे कुटणे व चाळणे बहुतांशी स्त्रियांच्या हातून होते. वखारीतील उग्र धुळीने डोळे झोंबतात व घसा धरतो; त्या धुळीत त्या आठ-आठ तास उभ्या असतात. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडविला आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. तंबाखूच्या रसिकतेवर लिहिणाऱ्या युरोपीय ग्रंथांत पानाच्या गुणांची चर्चा पुष्कळ असते, पण ते पान वाळविणाऱ्या हातांची क्वचितच. मराठीत लिहिणाराने तरी ती उणीव ठेवू नये.

आणि आता त्या हकिमाची आठवण. अपरिचित औषधीविषयी मी काय सांगू, असे तो म्हणाला. आपल्याला ती सबब उरलेली नाही. सोमेरिंग नावाच्या जर्मन वैद्याने १७९५ मध्येच पाइप ओढणाऱ्यांच्या ओठांच्या कर्करोगाची नोंद केली होती. पाइपाचा धूर छातीत न घेता तोंडातच घोळवावयाचा असतो, म्हणून तो निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. ओठ, जीभ, तोंड व घसा यांना तो जाळतोच आणि फुप्फुसांसही पुरता सोडीत नाही. पाण्यातून गेलेला हुक्क्याचा धूर शुद्ध होतो हाही भ्रमच. पाण्याने तो थंड होतो, विषारी तसाच राहतो, आणि वर कोळशाचा धूर त्यात मिसळतो. एकमेकांच्या हाती फिरणाऱ्या चिलमीबरोबर क्षयही फिरतो. तंबाखू उत्तम प्रतीची असली, पाइप मौल्यवान असला, ओढणारा रसिक असला, म्हणून यांतले एकही संकट हटत नाही. पारखीने धुराची चव सुधारते, त्याचा परिणाम नव्हे. तंबाखूच्या जाहिरातीस व सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई करणारा केंद्राचा कायदा २००३ चा आहे, आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी घातली.

बिदरचे तळ पाहावेत, असद बेगाची हकीकत वाचावी, लाताकियाचा डबा कोणी उघडलाच तर त्याचा वासही अवश्य घ्यावा. ज्याने आजवर तंबाखू पेटविली नाही त्याने मात्र हा लेख वाचून ती पेटवू नये, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे. आणि ज्याला सुटत नाही पण सोडावयाची आहे, त्याच्यासाठी केंद्र सरकारच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.